कलेचा पत्ता

रे जॉन्सन या अमेरिकन कलावंतावर 2002 मध्ये 'हाउ टू ड्रॉ अ बनी' नावाचा माहितीपट आला. त्यातला एक किस्सा असा : एका चित्रकाराला जॉन्सनचे कोलाज विकत हवे होते, पण सांगितलेली किंमत जास्त वाटत होती. त्याने पंचवीस टक्के कमी देऊ केले. जॉन्सनने हुज्जत घातली नाही. पैसे घेतले आणि कोलाज पाठवून दिले. फक्त त्याचा चौथा हिस्सा कापून घेतलेला होता.

ऐकताना हसू येते, आणि घासाघीस करणाऱ्याची बरी जिरवली असे म्हणून आपण पुढे जातो. पण यातला हिशेब थांबून बघण्यासारखा आहे. चित्रांच्या बाजारात कलाकृती आधी पूर्ण होते, मग तिची किंमत ठरते, मग ती या हातातून त्या हातात जाते. हात बदलल्याने तिच्यात काही फरक पडत नाही. पडलाच तर विम्याचा दावा दाखल होतो. जॉन्सनच्या लेखी व्यवहार ही कलाकृती पुरी झाल्यानंतरची गोष्ट नव्हतीच. समोरचा जसा वागला, त्याची खूण कागदावर उमटली पाहिजे. त्याने किमतीतून चौथाई कापली, म्हणून कागदातूनही चौथाई गेली.

जॉन्सनची सगळी कला मला या एका रीतीत दिसते. कागद, कात्री, शाई, पाकीट, तिकीट ही त्याची साधने होती. त्याचे माध्यम मात्र दोन माणसांमधला संबंध हे होते. आणि हे मान्य केले, तर टपालकलेचा जनक म्हणून त्याची जी आरती ओवाळली जाते, ती चुकीच्या देवापुढे चालली आहे असे म्हणावे लागते. त्याने कला गॅलरीच्या तावडीतून सोडवली आणि सर्वांसाठी खुली केली, असे सांगतात. पहिला भाग बऱ्याच अंशी खरा आहे. दुसरा खरा नाही. त्याने कला सर्वांसाठी खुली केली नाही. ती एकेकाच्या नावाने पाठवली. या दोहोंत जमीन-अस्मानाचा फरक आहे, आणि तो फरक पुसला की जॉन्सनमधले सर्वांत अवघड आणि सर्वांत मोलाचे तेच हातचे निसटते.

*

जॉन्सनचा जन्म 1927 चा, मोटारींच्या कारखान्यांचे शहर असलेल्या डेट्रॉइटमधला. घर फिनलंडहून आलेल्या कामगारांचे. 1945 मध्ये तो उत्तर कॅरोलायनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात शिकायला गेला. डोंगरातली ही लहानशी संस्था पुढे दंतकथा झाली. 1948 च्या उन्हाळ्यात जॉन केज, मर्स कनिंगहॅम आणि विलेम डी कूनिंग तिथे एकाच वेळी होते. पण जॉन्सनच्या दृष्टीने महत्त्वाचा माणूस योसेफ अल्बर्स. नाझींच्या दडपणाखाली बाउहाउस बंद पडल्यावर अल्बर्स जर्मनीतून अमेरिकेत आला होता, आणि ब्लॅक माउंटनमध्ये रंगांचे पाठ देत होता.

हे पाठ देताना तो विद्यार्थ्यांच्या हातात रंगाच्या नळ्या देत नसे, रंगीत कागद देई. कागद कापायचा, दुसऱ्यावर ठेवायचा, बघायचे. करड्या कागदाचा एकच तुकडा काळ्यावर ठेवला की उजळ दिसतो आणि पांढऱ्यावर ठेवला की मळका. तुकडा बदललेला नसतो, शेजार बदललेला असतो. रंगाला स्वतःचा असा कायमचा स्वभाव नसतो, तो शेजाऱ्यावर ठरतो, हे अल्बर्सचे आयुष्यभराचे म्हणणे. 1963 मध्ये त्याने ते 'इंटरॅक्शन ऑफ कलर' या ग्रंथात मांडले. जॉन्सनने हा धडा घेतला, आणि गुरूने जिथे नेला नव्हता तिथे नेला. रंगांना जे लागू आहे ते चित्रांना, नावांना आणि माणसांनाही लागू असेल तर?

न्यू यॉर्कला आल्यावर काही वर्षे त्याने चौकोनाचौकोनांची शिस्तबद्ध अमूर्त चित्रे काढली. ती पुढे त्याला नकोशी झाली आणि त्यातली बरीच त्याने जाळून टाकली. पन्नाशीच्या दशकाच्या मध्यावर तो छोटी छोटी कोलाज करू लागला. धुऊन आलेल्या शर्टाची घडी ताठ राहावी म्हणून लाँड्रीवाले आत पुठ्ठा घालतात. त्या पुठ्ठ्यावर मासिकातली कात्रणे, शाई, रंग. या तुकड्यांना त्याने 'मोटिकोज' असे स्वतःच जुळवलेले नाव दिले होते. 1955 मध्ये न्यू यॉर्कच्या एका रस्त्यावर जमिनीवर मांडून त्यांचे फोटो काढले गेले. 1956-57 च्या सुमारास त्याने एल्विस प्रेस्लीचा मासिकातला फोटो घेतला, त्यावर लाल रंग चढवला आणि डोळ्यांतून तो रंग ओघळू दिला. अँडी वॉरहॉलच्या सूपच्या डब्यांना अजून पाच वर्षे अवकाश होता. पॉप कलेचा इतिहास सांगताना जॉन्सनचे नाव सुरुवातीला येते आणि लगेच बाजूला पडते, कारण पुढे जे घडले त्यात तो नव्हता. इतर जण तीच प्रतिमा मोठी करत गेले, तिच्या प्रती काढत गेले, गॅलरीच्या भिंतींवर चढले. जॉन्सनने आपली कोलाज कापली आणि पाकिटात घातली. 1965 मध्ये 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या ग्रेस ग्लूक यांनी त्याला न्यू यॉर्कमधला सर्वांत प्रसिद्ध अप्रसिद्ध कलावंत म्हटले. हे बिरुद त्याला जन्मभर चिकटले.

*

त्याचे पाकीट कुणाच्या हाती पडले म्हणजे काय होत असे?

आत एक कागद. त्यावर ओळीने सशांची तोंडे काढलेली : लांब नाक, दोन कान, दोन डोळे, सगळी एका साच्यातली. प्रत्येकाखाली एक नाव. एक सिनेनट, शेजारी एखादा कवी, मग संग्रहालयातला कुणी अधिकारी, मग जॉन्सनचा एखादा मित्र ज्याला त्या गल्लीबाहेर कुणी ओळखत नाही. बरोबर कदाचित जुन्या कोलाजाचा कापलेला तुकडा, वर्तमानपत्रातले कात्रण, तिसऱ्याच माणसाने चौथ्याला लिहिलेल्या पत्राचा भाग. आणि सूचना : यात भर घालून रे जॉन्सनला परत पाठवा. किंवा : हे अमक्या-तमक्याला पाठवा. तो अमका-तमका तुमच्या ओळखीचा असेल, नसेल, किंवा तुमचे त्याच्याशी हाडवैर असेल.

सशांच्या त्या ओळीत अल्बर्सचा वर्ग पुन्हा भरलेला दिसतो. चेहरे सारखे, नावे वेगळी. प्रसिद्ध नाव अप्रसिद्ध नावाशेजारी ठेवले की दोन्ही बदलतात. एकाची झळाळी कमी होते, दुसऱ्याचे कुतूहल वाटू लागते. पण खरी करामत 'अमक्याला पाठवा' या सूचनेत आहे. कोलाज करणारा दोन कात्रणे शेजारी चिकटवतो. जॉन्सन दोन माणसांना शेजारी आणत होता, आणि चिकटवायचे काम टपालखाते करत होते. 1963 मध्ये साध्या पत्राला अमेरिकेत पाच सेंटचे तिकीट लागे. तेवढ्या हशिलात हा माणूस एका शहरातल्या, मग देशातल्या, मग देशाबाहेरच्या माणसांची मांडामांड करत बसला होता.

1962 मध्ये एड प्लंकेट या सहकाऱ्याने या सगळ्या खटाटोपाला 'न्यू यॉर्क करस्पॉन्डन्स स्कूल' असे नाव सुचवले. यात दुहेरी टोमणा होता. एक 'न्यू यॉर्क स्कूल' म्हणून मिरवणाऱ्या भव्य कॅनव्हासवाल्या अमूर्त चित्रकारांना, दुसरा टपालाने चित्रकला शिकवणाऱ्या, मासिकांतून जाहिराती करणाऱ्या शाळांना. या शाळेला इमारत नव्हती, अभ्यासक्रम नव्हता. 1968 च्या एप्रिल महिन्याच्या पहिल्या तारखेला तिची पहिली सभा भरली. सभेत ठरल्याप्रमाणे काहीच झाले नाही.

त्याच वर्षी 3 जूनला, ज्या दिवशी वॉरहॉलवर गोळ्या झाडल्या गेल्या त्याच दिवशी, मॅनहॅटनमध्ये जॉन्सनला चाकू दाखवून लुटले. तो हबकला आणि शहर सोडून लाँग आयलंडवर राहायला गेला. आधी ग्लेन कोव्ह, मग लोकस्ट व्हॅली. उरलेली जवळजवळ 27 वर्षे तो तिथेच राहिला. शहराशी त्याचा व्यवहार आता मुख्यतः टपाल आणि टेलिफोन यांतूनच चाले.

*

टपालकला या नावाने पुढे जी जागतिक चळवळ फोफावली, तिने स्वतःचे काही दंडक घालून घेतले. प्रदर्शन भरवायचे तर परीक्षक नको, प्रवेशशुल्क नको, आलेले सगळे मांडायचे, परत काही पाठवायचे नाही, पण भाग घेणाऱ्या प्रत्येकाला यादी पाठवायची. 1984 मध्ये फ्रँकलिन फर्नेस या न्यू यॉर्कच्या संस्थेतल्या प्रदर्शनात आलेल्या कामांतून निवड केली गेली, तेव्हा टपालकलावंतांनी रान उठवले. त्यांच्या दृष्टीने निवड करणे हाच धर्मभंग होता.

या दंडकांमागचा संताप खरा आहे. गॅलरीचा उंबरठा कुणाला ओलांडता येतो आणि कुणाला नाही, हे ठरवणाऱ्यांची संख्या तेव्हाही मूठभर होती आणि आजही आहे. पण हे दंडक जॉन्सनच्या नावावर खपवता येत नाहीत. त्याच्या यादीत कोण असावे हे तोच ठरवी, आणि मनात आले की शाळेतून नावे काढूनही टाकी. शेली दुव्हाल या नटीच्या नावाने त्याने चाहत्यांचा क्लब काढला, मार्सेल दुशाँच्या नावाने काढला, निळ्या डोळ्यांच्या लोकांचाही काढला; या क्लबांचे सभासद कोण, हे तोच जाहीर करी. 1973 मध्ये तर त्याने 'न्यू यॉर्क टाइम्स'च्या मृत्युलेख विभागाला पत्र लिहून आपली शाळा वारली असे कळवले, आणि थोड्याच दिवसांत 'बुद्धा युनिव्हर्सिटी' नावाने नवा संसार थाटला. लोकशाहीत अध्यक्षाला संस्था अशी परस्पर मारता येत नाही.

खुले प्रदर्शन सांगते, कुणीही पाठवा, आम्ही भेदभाव करत नाही. ही समतेची भाषा आहे आणि तिला तिची जागा आहे. पण कुणीही पाठवा याचा दुसरा अर्थ, कुणी पाठवले याने फरक पडत नाही. जॉन्सनचे पाकीट याच्या बरोबर उलट बोलते. ते सांगते, हे तुलाच पाठवले आहे, आणि तू यात जे करशील ते दुसऱ्या कुणाला करता येणार नाही.

आपल्या परंपरेत याचा एक लखलखीत दाखला आहे. चांगदेवांना ज्ञानेश्वरांना पत्र लिहायचे होते, पण मायना काय लिहावा हे सुचेना. वयाने लहान म्हणून आशीर्वाद लिहावा तर अधिकार मोठा, नमस्कार लिहावा तर वय आडवे येते. शेवटी त्यांनी कोराच कागद पाठवला. उत्तरादाखल ज्ञानेश्वरांनी पासष्ट ओव्या लिहिल्या. या कथेत कोरेपणाचे कौतुक फार होते; माझे लक्ष जाते ते कागदावर नाव नसतानाही तो कुणाला आहे हे पक्के होते याकडे. हाच कोरा कागद गावाच्या चव्हाट्यावर लावला असता तर पासष्टी झाली नसती. उत्तर उमटले ते पत्त्यामुळे.

जॉन्सनच्या बाबतीत असे उत्तर कसे उमटे, याचे उत्तम उदाहरण मे विल्सन. ती मेरीलँडमधली गृहिणी. टपालाने चित्रकलेचे धडे घेतलेली, घरसंसारात वयाची पन्नाशी गाठलेली. तिचा मुलगा विल्यम विल्सन जॉन्सनचा मित्र होता. त्याने आईचा पत्ता जॉन्सनला दिला. मग वर्षानुवर्षे पाकिटे येत-जात राहिली. संसार मोडल्यावर 1966 मध्ये, साठी ओलांडल्यावर, मे विल्सन न्यू यॉर्कला राहायला आली आणि स्वतंत्र कलावंत म्हणून उभी राहिली. जुन्या चित्रांवर आणि फोटोंवर स्वतःचे वेडेवाकडे केलेले तोंड चिकटवून तिने केलेली 'रिडिक्युलस पोर्ट्रेट्स' बायकांकडे बघण्याच्या सभ्य नजरेची टर उडवतात. हे सगळे जॉन्सनच्या पाकिटांनी घडवले असे म्हणणे तिच्यावर अन्याय करण्यासारखे आहे. पण तिला दुसऱ्या माणसाने, तिच्या नावाने, तिच्याकडून काही अपेक्षून बोलावले होते. खुल्या निमंत्रणाला ती बहुधा गेली नसती. गृहिणीला वाटते, ते इतरांसाठी असेल.

*

या म्हणण्यावर आक्षेप घेता येतात, आणि ते हलके नाहीत.

पहिला आक्षेप कंपूशाहीचा. नावाने पाठवायची कला म्हणजे ओळखीपाळखीची कला. जॉन्सनच्या कागदांवरची अर्धी नावे न्यू यॉर्कच्या कलावर्तुळातली आहेत, विनोद त्या वर्तुळातले आहेत, आणि बाहेरच्याला ते लग्नघरातल्या खाणाखुणांसारखे वाटतात. हे मला कबूल आहे. मात्र गॅलरीतली कंपूशाही छुपी असते. ती गुणवत्तेचा झगा घालून बसते. जॉन्सनने आपला कंपू कागदावर उघड्यावर मांडला, त्यातल्या थोरांना सशाचे तोंड दिले आणि कोण कुणाशेजारी बसणार हा कलाजगताचा सर्वांत मोठा प्रश्न चेष्टेवारी नेला. नावे टाकण्याची जी खोड सगळ्यांना असते, तिचेच त्याने चित्र केले.

दुसरा आक्षेप मला जास्त बोचतो. पाकीट घेणाऱ्याला कुणी विचारले होते? भेट म्हणून आलेली वस्तू ऋणही घेऊन येते. भर घाला, परत पाठवा, पुढे पाठवा : ही विनंती आहे की वेठ? जॉन्सनच्या वागण्यात लहर होती, छळवादही होता. विकत घेऊ पाहणाऱ्यांना तो महिनोन् महिने किमतींच्या नव्या नव्या याद्या पाठवून दमवी. त्याचे दलाल रिचर्ड फायगेन यांना वर्षानुवर्षे त्याचे मोठे प्रदर्शन भरवायचे होते. तो काही हाती लागला नाही. संबंध हेच ज्याचे माध्यम, त्याच्या हातात माणसे साहित्य होतात. हा धोका त्याच्या कलेच्या पोटातच आहे. मी एवढेच म्हणेन की त्याने समोरच्याच्या हातात एक गोष्ट कायम ठेवली होती : पाकीट टोपलीत टाकण्याची मुभा. अनेकांनी ती वापरलीही असेल. त्या कागदांची प्रदर्शने होत नाहीत, पण जॉन्सनच्या कलेचा तोही एक हिस्सा आहे.

तिसरा आक्षेप इतिहासाचा आहे, आणि तिथे मी माघार घेतो. लॅटिन अमेरिकेच्या लष्करी राजवटींत खुल्या जाळ्याने जे काम केले ते एकेका नावाच्या कलेने झाले नसते. 1976 मध्ये ब्राझीलच्या रेसिफे शहरात पाउलो ब्रुस्की आणि त्याच्या सहकाऱ्याने भरवलेले आंतरराष्ट्रीय टपालकला प्रदर्शन पोलिसांनी उघडताच बंद पाडले. 1977 मध्ये उरुग्वेच्या राजवटीने क्लेमेंते पादीन आणि होर्खे काराबायो या टपालकलावंतांना तुरुंगात टाकले. त्यांच्या सुटकेसाठी देशोदेशींच्या, एकमेकांचे तोंडही न पाहिलेल्या टपालकलावंतांनी पत्रांचा मारा केला. अशा वेळी कोण आत आणि कोण बाहेर हे ठरवत बसणारा जॉन्सन उपयोगाचा नव्हता. दार उघडे ठेवणारे हवे होते. तरीही एक गोष्ट निसटू देऊ नये. राजवटीला पत्रे कुणाच्या नावाने जात होती हे ठाऊक होते, आणि ज्यांनी लिहिली त्यांना कुणासाठी लिहायचे हे ठाऊक होते. जाळे कितीही मोठे असले तरी त्याने धाव घेतली ती दोन नावांसाठी.

*

नावाने पाठवलेल्या या कलेचे संग्रहालयात काय होते?

1970 मध्ये व्हिटनी संग्रहालयात मार्शा टकर यांनी जॉन्सनच्या शाळेचे प्रदर्शन भरवले. जॉन्सनने आपल्या पत्रमित्रांना संग्रहालयाच्या पत्त्यावर पाठवायला सांगितले. 106 जणांनी पाठवले, आणि आलेले सगळे मांडले गेले. यात त्याचा मिश्कीलपणा होता. व्हिटनीत 'रे जॉन्सन' या नावाने भिंतीवर लागले ते इतरांचे काम. पण फसगतही होती : पत्र संग्रहालयाला लिहायचे म्हटले की माणूस कपडे सावरून लिहितो.

पन्नास वर्षांनी शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटने प्रदर्शन केले ते याहून शहाणे होते. ज्याने आईचा पत्ता दिला त्याच विल्यम विल्सनने दशकानुदशके जॉन्सनचा प्रत्येक कपटा जपून ठेवला होता. हा संग्रह 2018 मध्ये संस्थेकडे आला आणि 2021-22 मध्ये लोकांपुढे मांडला गेला. तो एका माणसाने राखलेला होता, त्यामुळे कोणता कागद कुणाकडून कुणाकडे गेला हा धागा शाबूत राहिला. अशा कागदांच्या बाबतीत अमेरिकेतला कायदाही दोन वाटण्या करतो : कागद ज्याला आला त्याचा, मजकुराचा स्वामित्वहक्क पाठवणाऱ्याचा. एका वस्तूचे दोन धनी. एरवी हा वकिलांचा विषय. इथे तो कलेचे नेमके वर्णन ठरतो.

म्हणून जॉन्सनचे काम काचेच्या पेटीत बघताना आपण प्रेक्षक नसतो, दुसऱ्याचे टपाल वाचणारे असतो. यात ओशाळे होण्याचे कारण नाही. पत्रसंग्रह आपण आवडीने वाचतोच. पण वाचताना आपण ते कुणाला लिहिले हे आधी बघतो, त्याशिवाय वाक्यांचा अर्थ लागत नाही. संग्रहालयांनी जॉन्सनच्या बाबतीत हे पथ्य पाळायला हवे. चित्राखालच्या पाटीवर साधन, माप आणि साल असते. त्याच्या पाटीवर याहून महत्त्वाची ओळ ही, की कागद कुणाला गेला, त्याने त्यात काय घातले, पुढे कुठे धाडला. ती नसेल तर समोर उरतात काही चटपटीत ससे.

*

जॉन्सनने समाजमाध्यमांची चाहूल आधीच घेतली होती, असे आता सर्रास म्हटले जाते. पाठवणे, भर घालणे, पुढे ढकलणे, याद्या, क्लब, चाहते : सगळे जुळते. वरवर जुळते. सकाळी उठल्यावर व्हॉट्सॲपवर फुलांचा गुच्छ आणि सुविचार घेऊन येणारा निरोप आपल्याला येतो, कारण आपण यादीत आहोत. पाठवणाऱ्याने आपला विचार केलेला नसतो, आणि आपणही तो न बघता पुढच्या यादीत ढकलतो. जॉन्सनच्या 'पुढे पाठवा'त पाठवणाऱ्याला थांबावे लागे : हात लावावा लागे, पाकीट शोधावे लागे, पत्ता लिहावा लागे, आणि पाठवू की नको हे ठरवावे लागे. तंत्र वेगवान झाले याची ही तक्रार नाही. एका बोटाने एकाच माणसाला, त्याच्यासाठीच केलेले काही आजही पाठवता येते. तसे करणारा आजचा जॉन्सन असू शकतो. पण फोनवरची बटणे बनवली आहेत ती अनेकांसाठी, आणि बनवणाऱ्यांचा नफाही अनेकांतच आहे.

माझ्या म्हणण्याविरुद्ध एक पुरावा जॉन्सनच्याच घरातून निघाला, तो लपवता येणार नाही. 1992 ते 1994 या तीन वर्षांत त्याने वापरून फेकायचे 137 कॅमेरे विकत घेतले आणि हजारो रंगीत फोटो काढले. पुठ्ठ्याचे कापलेले ससे आणि चेहरे घेऊन तो समुद्रकिनाऱ्यावर, गाड्यांच्या तळावर, कुंपणापाशी जाई, ते टेकवून ठेवी आणि फोटो काढी. यातले बहुतेक फोटो दुकानातून आलेल्या पाकिटांतच राहिले. 2022 मध्ये न्यू यॉर्कच्या मॉर्गन लायब्ररीने ते दाखवले, तेव्हा अनेकांना त्यांचा पत्ता लागला. ज्याची कला पत्त्याशिवाय संभवत नाही असे मी म्हणतो, त्याने अखेरीस कुणालाच न पाठवलेले हे काम. मला वाटते, रीत तीच होती, माणसे उरली नव्हती. तो अजून तुकडा उचलून नव्या शेजारी ठेवत होता. शेजारी आता वाळू आणि डांबर होते. फोटो सुंदर आहेत. पण त्यांत उत्तराची जागा नाही, आणि मला ते त्याच्या पाकिटांपेक्षा दुबळे वाटतात.

13 जानेवारी 1995 रोजी लाँग आयलंडवरच्या सॅग हार्बरच्या पाण्यात त्याचा मृत्यू झाला. ती आत्महत्या होती असेच मानले जाते. तारीख तेरा, वार शुक्रवार, वय सदुसष्ट, ज्या हॉटेलात उतरला त्या खोलीचा क्रमांक 247. अंकांची बेरीज करून बघा, असे सांगणारे लगेच पुढे आले, आणि हा मृत्यू म्हणजे त्याची शेवटची कलाकृती असे म्हणायची पद्धत पडली. योगायोग त्याने जुळवून आणले असतीलही. तो तसा माणूस होता. तरी मी ही भाषा स्वीकारत नाही. त्याच्या प्रत्येक कामात दुसऱ्या माणसासाठी काहीतरी अपुरे ठेवलेले असे, आणि ते पुरे करण्याचा हक्क त्या माणसाचा असे. मृत्यूत भर घालून तो परत पाठवता येत नाही. त्याला कलाकृती म्हणताना आपण एका एकाकी माणसाचे दुःख कोड्यात बसवतो आणि त्याच्या कलेची मूळ अटही मोडतो.

जॉन्सनचे मोल ठरवायचे ते वेगळ्या मापाने. लिलावात त्याच्या कोलाजांना काय भाव येतो, पॉप कलेत त्याचा नंबर पहिला की दुसरा, इंटरनेट त्याने आधी बघितले की नाही, ही मापे दुसऱ्यांची आहेत. त्याच्या पाकिटांनी किती जणांना, ज्यांना कुणी कलावंत म्हणून हाक मारली नव्हती अशांना, कात्री हातात घ्यायला लावली, हे त्याचे माप. कलेने सगळ्यांपर्यंत पोचावे असे आपण म्हणत आलो, आणि सगळ्यांपर्यंत पोचणाऱ्या बऱ्याच गोष्टी कुणापर्यंतच पोचत नाहीत हेही रोज बघतो. जॉन्सनने एकाच माणसापर्यंत पोचण्याची जोखीम घेतली, कारण एकच माणूस असला की त्याला उत्तर टाळता येत नाही, आणि टाळलेच तर ते टाळलेले दिसते. कला लोकांपर्यंत नेण्याच्या योजना आखणाऱ्या संस्थांनी त्याच्याकडून एवढे जरी घेतले, की 'लोक' या शब्दाआधी एखादे नाव लिहून बघावे, तरी त्यांच्या अर्ध्या योजना बदलतील.